उकिरड्यावरून उचललेलं नाव

लोज्बान नावाची एक भाषा आहे. ती कुठल्या देशाची नाही, कुठल्या जातीची नाही, आणि कुणाची आई तिच्यात लेकराला शिव्या देत नाही. काही डोकेबाज माणसांनी बसून, नियम आखून ती तयार केली. तिच्यातलं वाक्य एकाच तऱ्हेनं लागलं पाहिजे, दोन तऱ्हांनी नाही, असा तिचा बाणा. आता केजला तहसीलच्या रस्त्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या माणसाला असली भाषा कशाला पाहिजे, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं होतं. "त्या भाषेत भाजी मिळती का?" म्हणाली. मी म्हणालो, मिळत नाही म्हणूनच शिकतोय.

खरं कारण असं की माझ्या धंद्यात सर्व्हर बंद पडतो. पडला की दोन-दोन तास उठत नाही. लोक समोर बसून माझ्याकडं बघत राहतात, जणू मीच त्याची वायर तोडून आलोय. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मोबाईलमध्ये डोकं घालावं म्हणून मी काहीबाही वाचायला लागलो आणि वाचता वाचता या भाषेच्या एका ग्रुपात शिरलो. वीस-बावीस माणसं, सगळी जगभरातली. त्यांना केज माहीत नव्हतं, बीड माहीत नव्हतं, माझं आडनाव ऐकून माझी जात कळण्याची सोय नव्हती. लई बरं वाटलं. कधी नव्हे ते अंगावर कुणाचा हात नसल्यासारखं.

तिथं पहिलाच प्रश्न आला, तुला काय म्हणायचं? कारण त्या भाषेत नाव वाक्यात बसवावं लागतं. दोन वाटा आहेत. एक, आपलं आहे तेच नाव उच्चारानं घ्यायचं; फक्त शेवट स्वरावर होत असेल तर शेपटीला एक व्यंजन जोडायचं आणि नावानंतर किंचित थांबायचं. दुसरी, भाषेतला एखादा शब्द अर्थ पाहून उचलायचा आणि तेच आपलं नाव म्हणायचं. दोन्ही चालतं. ज्यानं सांगितलं त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्यानं वर हेही लिहिलं की कुठलंच नाव या भाषेत अडत नाही, सगळी बसतात.

माझी अडचण वेगळी होती. मला नावं दोन.

एक राजपत्रात छापून आणलेलं. त्याचा अर्थ पहाट, उजेड, असला काहीतरी. आधारकार्डावर तेच, दुकानाच्या पाटीवर तेच. आणि दुसरं मला उकिरड्यावर मिळालेलं. ते इथं लिहीत नाही. झाडून काढून, सुपलीत भरून आपण जे बाहेर टाकतो, त्याचं ते नाव, एवढ्यावर समजून घ्या. लिहिताना अजून हात अडतो हे खरंच आहे.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. एक चार महिन्यांचं, दोन तर बारसं व्हायच्या आत. चौथा मी. आमच्याकडं अशा वेळी एक रीत आहे. लेकराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, आईनं पाठ फिरवायची आणि मागं न बघता घरात जायचं. मग दुसऱ्या बाजूनं कुणीतरी सहज वाटेनं चालल्यासारखं यायचं आणि ते पडलेलं लेकरू उचलायचं. माझ्या वेळी आली माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती दरवर्षी माणसासंगं ऊसतोडीला जायची. त्या दिवशी त्यांचा ट्रक वेशीत उभा होता, भांडीकुंडी चढली होती, मुकादम शिव्या देत होता. ही खाली उतरली, म्हणाली, "जरा थांबा, मला एक वस्तू उचलायची हाय," आणि सरळ आमच्या घरामागं आली.

"अगं बया, हे काय पडलंय? कुणाचं हाय?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"आमचं न्हाई. टाकून दिलंय," आई आतून म्हणाली. आईला रडू येत होतं, पण रडायचं नाही अशी रीत.

आत्यानं ओटीतली मूठभर ज्वारी उंबऱ्यावर टाकली, मला विकत घेतलं, नाव ठेवलं, आणि "आता सांभाळायला तुला देते," म्हणून पुन्हा आईच्या पदरात घातलं. आणि पळत जाऊन ट्रकवर चढली. सगळी युक्ती एवढीच की वरचा न्यायला आला तर त्यानं बघावं, नाव ऐकावं, आणि म्हणावं, छी, हे कशाला न्यायचं.

वाचलो खरा. पण त्या नावाचा शाळेत जो तमाशा झाला तो विचारू नका. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि माझ्या नावाला वर्ग फिदीफिदी हसायचा. पोरं पेन्सिलीची सालं, खडूचा चुरा, शेंगांची टरफलं आणून माझ्या बाकावर ठेवायची. "घे बे, तुझे भाऊबंद आलेत." मी मारामाऱ्या केल्या. हाती काही लागलं नाही, उलट गुरुजींच्या छड्या मात्र मिळाल्या. कॉलेज झालं, दुकान टाकलं, आणि सगळ्यात पहिला फॉर्म मी कुणाचा भरला असेल तर स्वतःचा. नावात बदल. राजपत्राचा तो कागद हातात आला तेव्हा मी एकट्यानं पावशेर जिलेबी खाल्ली.

आत्याला कळलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "कावून?"

"लोकं हसतेत."

"हसू दे की. हसणाऱ्याचं काय जातंय?" म्हणाली. मला वाटलं, अडाणी बाई, हिला काय कळणार.

पण त्यानंतर तिचा एक उद्योग सुरू झाला. आत्या सिरसाळ्याच्या अलीकडं एका वस्तीवर राहते. महिन्या-दोन महिन्यांनी ती धारूरला गाडी बदलून केजला यायची. काम काय? एका कागदाची झेरॉक्स. पासबुकावर काय लिहिलंय ते वाचून घेणं. एकदा तर नुसता फोन चार्जिंगला लावायला आली. आणि आली की दुकानात शिरायची नाही. रस्त्याच्या पलीकडं उभी राहून, कमरेवर हात ठेवून, माझं ते जुनं नाव घेऊन हाक मारायची. नुसती हाक नाही, आरोळी. उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाला पोचणारा आवाज तो. समोरचा चहावाला, रांगेतली माणसं, तहसीलचे शिपाई, सगळे वळून बघायचे. मग कुणीतरी दात काढून विचारायचं, "सायेब, तुमालाच म्हणतीय व्हय मावशी?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. किती वेळा सांगितलं, आत्या, आत येऊन हळू बोल. ती मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी मनात म्हणायचो, मुद्दाम करते म्हातारी. सूड उगवते.

आता त्या रविवारचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण सांगितल्याशिवाय हे सगळं लिहून उपयोग नाही.

ग्रुपातल्या लोकांनी ठरवलं की एकदा बोलून भेटू. फोनवरच, सगळ्यांनी एकदम. प्रत्येकानं आपलं लोज्बानमधलं नाव सांगायचं आणि ते कसं मिळालं तेही सांगायचं. आपल्याकडं दुपारचे चार वाजले होते. रविवार असूनही पीकविम्याच्या मुदतीमुळं दुकान उघडं होतं, पण नेमकी तेव्हा गर्दी ओसरली होती. मी कानात काही न घालता फोन टेबलावर उभा केला आणि बोलायला लागलो, कारण मला वाटत होतं, रस्त्यावरून जाणाऱ्यानं ऐकावं, हा बघा, फाडफाड इंग्रजी बोलतोय परदेशी माणसांशी.

माझी पाळी आली. मी राजपत्रातलं नाव सांगितलं, शेपटीचं व्यंजन जोडून. मग कसं मिळालं ते सांगायचं होतं. मी म्हणालो, माझे आजोबा संस्कृतचे पंडित होते, त्यांनी एका जुन्या पोथीतून शोधून काढलं.

माझे आजोबा! ज्यांनी जन्मात अंगठ्याशिवाय सही केली नाही. ज्यांच्या घरात पोथी म्हणावी तर एक पंचांग, तेही मागल्या साली कुणी दिलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पलीकडं सगळे "वा वा" करायला लागले, ब्राझीलमधली एक बाई म्हणाली, किती सुंदर. आणि मीही फुगलो.

तेवढ्यात रस्त्यावरून ती आरोळी आली.

एकदा. मग दुसऱ्यांदा, आणखी लांब ताणून.

मग ब्राझीलच्या बाईनं विचारलं, हे कोण गातंय? काय म्हणतेय ती?

मला कितीतरी उत्तरं देता आली असती. माझी आत्या आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "कचरा गोळा करणारी बाई आहे. इथं अशाच ओरडत फिरतात."

ती सगळी चांगली माणसं. त्यांना मजा वाटली. अमेरिकेतला म्हातारा म्हणाला, या भाषेत कचऱ्याला फेस्ती असा शब्द आहे, आणि त्या शब्दाला एक जागा रिकामी ठेवावी लागते: कुठल्या कामातून उरलेला कचरा, ते तिथं सांगायचं. सगळे त्यावर आनंदानं चर्चा करायला लागले. आणि तोवर आत्या रस्ता ओलांडून दारात येऊन उभी राहिली होती. एका हातात ओल्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात निराधार योजनेच्या पगाराचा कागद. हयातीचा दाखला काढायचा होता तिला, म्हणजे आपण जिवंत आहोत असं सरकारला सांगायचं होतं. ती हसत होती. माझ्या फोनातून येणाऱ्या त्या परक्या आवाजांकडं कौतुकानं बघत होती.

मी फोनचा आवाज बंद केला आणि भडकलो. "अक्कल हाय का न्हाई तुला? किती डाव सांगितलं? ते नाव आता न्हाई. कळतंय का? न्हाई! मेलं ते नाव!"

तिचं हसू गेलं. मला वाटलं ओरडल्यामुळं गेलं. तिनं पटकन उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि पुटपुटली, "असं बोलू न्हाई. असं बोलू न्हाई." शेंगांची पिशवी स्टुलावर ठेवली. कागद तसाच हातात घेऊन, दाखला न काढता ती निघून गेली. मी फोनवरचा आवाज पुन्हा सुरू केला आणि म्हणालो, सॉरी, गिऱ्हाईक होतं.

शेंगा बायकोनं संध्याकाळी उकडल्या. मी खाल्ल्या. हेही सांगून टाकतो.

आठ दिवसांनी गावाकडं गेलो तर आई बोलेना. आमच्या आईचं न बोलणं म्हणजे भांडी आपटणं असतं. शेवटी मीच विचारलं, काय झालं? तर भाकरी थापायची थांबवून ती म्हणाली, "तू तिला काय म्हणला?"

"कुणाला?"

"काय म्हणला तू तिला, की ते नाव मेलं म्हणून?"

मी माझी बाजू मांडायला लागलो. परदेशातली माणसं, महत्त्वाचं बोलणं, हिचं नेहमीचं ओरडणं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती कावून ओरडती, ते ठाऊक हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"तू कागदावर नाव बदललं, तवा ती हितं येऊन रडली. म्हणली, वरच्याला आता कळंल की, हे टाकलेलं न्हाई, जपलेलं हाय. मग जाणत्या बायकांनी तिला सांगितलं, जिनं उचललं तिनं हाक मारीत राहायचं. मोठ्यानं. चारचौघांत. तवर काय व्हत न्हाई." आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती. "धारूरला गाडी बदलून ती झेरॉक्स काढाय येती, असं वाटलं व्हय रे तुला?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आईलाही ते सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण सुदैवानं मिटलं. विश्वास माझा मागितलाच कुणी होता? तो तिचा होता. ती गुडघ्याला तेल चोळून, पहाटेची गाडी धरून, घाट चढून माझा जीव राखायला येत होती आणि मी तिला लोकांसमोर अपमान करणारी म्हातारी समजत होतो. त्या मोबाईलमधल्या बाईला मी तिची ओळख काय करून दिली ते आठवलं आणि चुलीपुढं बसल्या बसल्या मला घाम फुटला. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते माझ्यासाठीच. पहाट, उजेड! काय शेण खाल्लं होतं मी.

तिथूनच वस्तीवर जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस सोपं काम शोधतो. मी केजला परत आलो आणि ग्रुपावर सगळं खरं लिहून टाकलं. आजोबा पंडित नव्हते. ती बाई कचरा गोळा करणारी नव्हती, माझी आत्या होती. ती हाक माझं नाव होती. त्या शब्दाची तुम्ही म्हणालात ती जागा रिकामी ठेवायची नसेल तर लिहा, तीन लेकरं गेली त्यातून हा उरला. आणि आजपासून मला अर्थावरूनच घेतलेल्या त्याच नावानं, फेस्ती म्हणून, बोलवा.

लोक फार छान बोलले. म्हाताऱ्यानं लिहिलं की नाव वाक्यात अगदी बरोबर बसतं. ब्राझीलच्या बाईनं लिहिलं की तिला रडू आलं. मी तासभर खूश होतो. मग माझ्या लक्षात आलं, जगाच्या पाठीवरच्या ज्या माणसांना मी कधी भेटणार नाही त्यांच्यापुढं छाती काढायला काय लागतं? एक अंगठा लागतो. आत्याकडं जायला दोन गाड्या लागत होत्या. त्या आठवड्यात नाही गेलो, पुढच्या आठवड्यात पीकविम्याची वाढवलेली मुदत, त्याच्या पुढं दुकानाचं काहीतरी. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात.

शेवटी तीच आली.

मला कळलंसुद्धा नाही. आरोळी आली नाही ना. त्या दिवशी हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांची रांग लागली होती आणि मी मान खाली घालून एकेकाचा अंगठा घेत होतो. पुढचा, पुढचा, असं म्हणत होतो. एक अंगठा समोर आला, यंत्रावर ठेवला, यंत्र घेईना. पुसून ठेवला, घेईना. इतक्या वर्षांचा कोयता त्या अंगठ्यावरून गेलेला, रेषा राहिल्याच नव्हत्या. मी वैतागून वर बघितलं तर आत्या.

"आत्या! कवा आलीस?"

"झाला की तासभर," ती म्हणाली. "चालू द्या तुमचं. मी हाय."

तुमचं. मला तिनं उभ्या जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं. मी उठून तिला आतल्या खुर्चीत बसवायला लागलो तर ती बसेना. रांगेतच उभी राहिली. म्हणाली, "तुमचा खोळंबा नगं."

मी तिचा हात धरला, ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. चौथ्या खेपेला यंत्रानं घेतला. ती जिवंत आहे असं पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं. मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो घडी घालून कनवटीला खोचला आणि पाटीवरचं नाव घेऊन, एकेक अक्षर जपून उच्चारत, त्याच्यापुढं साहेब लावून म्हणाली, "येते."

मला ते सहन झालं नाही. रांग गेली खड्ड्यात म्हणालो मनात. टेबलावरून वाकून तिचा पदर धरला.

"आत्या, मी चुकलो. लई चुकलो. आईनं सांगितलं मला सगळं. तू आता रस्त्याच्या पलीकडं जा आन् नेहमीसारखी हाक मार मला. एकदा. मोठ्यानं मार."

तिचे डोळे भरले. तिनं माझ्या गालावरून तो झिजलेला अंगठा फिरवला. वाटलं, मारते आता हाक. मग तिनं मागं वळून रांगेकडं पाहिलं, पदर डोक्यावर सारखा केला, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "नगं बाबा. लोकं हायत."